एडिंबरोच्या वाटेवर दिजाँ

मे महिन्यातल्या परिषदेची तयारी आदल्या पावसाळ्याच्या शेवटी सुरू होते. विहिरी तुडुंब असतात, बांधावरून चालताना चपला चिखलात रुततात, आणि नेमक्या याच दिवसांत भूजलाचं काम करणाऱ्यांची मोजणी ऐन भरात असते. आमचं काम पुरंदर तालुक्यात, सासवडच्या पलीकडे, अंजिराच्या बागांमधल्या विहिरींवर चालतं. मोटर सुरू करायची, पाणी किती उतरतं ते ठरावीक वेळाने टेपने मोजायचं, मोटर बंद करायची आणि पाणी चढत येताना पुन्हा तसंच मोजत बसायचं. उतरत्या पाण्यापेक्षा चढतं पाणी जास्त बोलतं. खडक किती पाणी देतो, कुठल्या खोलीवरून देतो, कुठे हात आखडता घेतो, ते सगळं त्या चढण्यात दिसतं.

ज्यांच्या विहिरीवर मी सगळ्यात जास्त बसले त्या आबांना हे टेपशिवायच ठाऊक होतं. "ताई, रात्री उपसली की पहाटेपर्यंत दोन परस चढतं. पण मांजऱ्याच्या वर गेलं की मग दमानं," ते म्हणाले होते. परस म्हणजे माणूसभर उंची. विहिरीची खोली अजूनही त्याच मापात सांगतात. मांजऱ्या म्हणजे बुडबुड्यांच्या खुणांनी भरलेला, तांबूस करडा, कुदळीला दाद देणारा बेसाल्ट. त्याच्या वरही काळा पाषाण आणि खालीही काळा पाषाण. आबांच्या विहिरीचे सगळे झरे त्या मांजऱ्याच्या थरात आहेत. त्यामुळे पाण्याची पातळी थराच्या वर चढली की झऱ्यांवरच पाण्याचा दाब येतो आणि आवक मंदावते. मी आलेख काढून जे दाखवणार होते, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं.

परिषदेला पाठवायचा सारांश मी त्या वाक्यापासून लिहायला घेतला.

परिषद होती सच्छिद्र माध्यमांवरची. ज्या घन पदार्थाच्या आत पोकळ्या आहेत आणि त्या पोकळ्यांतून काहीतरी वाहू शकतं, असा कोणताही पदार्थ या नावाखाली येतो. वाळू, माती, खडक, काँक्रीट, हाड, कागद, पाव, लहान बाळाचा डायपर, इंधनघटातला पातळ पडदा, सगळंच. तेलविहिरींवर काम करणारे, शेतजमिनीचा ओलावा मोजणारे, बॅटरी बनवणारे, कूर्चेतला द्रव अभ्यासणारे असे लोक एरवी कधी एकमेकांना भेटणार नाहीत. पण त्यांची समीकरणं एकाच घराण्यातली असतात. त्यांना एकत्र आणण्यासाठी २००८ साली इंटरपोअर ही आंतरराष्ट्रीय संस्था सुरू झाली. तिची २०२३ची पंधरावी वार्षिक परिषद २२ ते २५ मे या दिवसांत एडिंबरोला भरणार होती.

अशा परिषदेत बेसाल्ट घेऊन जायचं म्हणजे थोडं अवघडच. या विषयातल्या बहुतेक प्रयोगशाळा वाळूवर आणि वालुकाश्मावर उभ्या आहेत. एकसारखे कण, एकमेकांना जोडलेल्या पोकळ्या, कुठूनही कापला तरी तसाच दिसणारा दगड. आपला दख्खनचा खडक तसा नाही. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर, आणि महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भूभाग त्याच थरांवर बसलेला. मांजऱ्याचा एक तुकडा आम्ही क्ष-किरणांच्या सूक्ष्म त्रिमिती यंत्रात घातला तेव्हा पडद्यावर शेकडो गोल पोकळ्या उमटल्या. पाहणाऱ्याला वाटावं, केवढं पाणी मावेल यात! पण प्रत्येक पोकळी आपापल्या जागी बंद. बऱ्याच पोकळ्या झिओलाइटच्या पांढऱ्या स्फटिकांनी भरून गेलेल्या. बुडबुड्याचा शेजारच्या बुडबुड्याशी संबंध नाही. पाणी फिरतं ते त्यांच्या मधल्या बारीक भेगांतून, थर थंड होताना पडलेल्या सांध्यांतून, कुजून मुरूम झालेल्या भागातून. पोकळी असणं वेगळं आणि पोकळ्या जोडलेल्या असणं वेगळं. महाराष्ट्रातल्या कितीतरी कोरड्या बोअरवेल या एका फरकापायी कोरड्या आहेत, असं माझं मत आहे.

सारांश स्वीकारला गेल्याची मेल आली, आणि खरी तयारी सुरू झाली. व्याख्यानाला मिळणार होती जेमतेम पंधरा मिनिटं, त्यात प्रश्नोत्तरं. विभागात सराव ठेवला. विद्यार्थ्यांना मी मुद्दाम सांगितलं होतं की कौतुक करायचं नाही, खोडून काढायचं. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "मॅडम, तुम्ही सगळं गणित दार्सीच्या नियमावर उभं केलंय. पण तो नियम वाळूचा आहे. या खडकाला तो लागू होतो हे कशावरून?"

परिषदेत विचारला जाऊ शकेल असा सगळ्यात कठीण प्रश्न तिने पुण्यातच विचारला होता. दार्सीचा नियम म्हणजे सच्छिद्र थरातून किती पाणी वाहील ते सांगणारा नियम. तिच्या प्रश्नाचं पुस्तकी उत्तर मला येत होतं. जेकब बेअर यांचा सच्छिद्र माध्यमांतल्या द्रवगतिकीवरचा ग्रंथ १९७२ सालचा. त्यात बेअर यांनी मांडलंय की खडकाचा पुरेसा मोठा तुकडा घेतला, म्हणजे ज्यात लहानसहान फरक सरासरीत विरून जातील एवढा मोठा, तर त्या आकाराला नियम लावता येतो. वाळूत असा तुकडा मुठीएवढा असू शकतो. आपल्या खडकात तो केवढा धरायचा? विहिरीएवढा? शेताएवढा? काही ठिकाणी असा तुकडा सापडतच नाही. मी हे तिला सांगितलं, पण सांगताना माझंच समाधान होईना. ज्या नियमावर आयुष्यभर विसंबून राहिले, तो मूळ कोणत्या परिस्थितीत, कशासाठी आणि कशावर मोजला गेला, हे मी कधी जाऊन पाहिलं नव्हतं. तिकीट काढायचंच होतं. तो नियम फ्रान्समधल्या दिजाँ गावात मोजला गेला होता, म्हणून मी ते पॅरिसमार्गे काढलं.

ब्रिटन शेंगेन व्यवस्थेत नाही, त्यामुळे फ्रान्समधून स्कॉटलंडला जायचं तर दोन व्हिसा लागतात. दोन अर्ज, दोन वेळा बोटांचे ठसे, दोन वेळा बँकेचं विवरण, आणि एक पासपोर्ट दोन दूतावासांत पाळीपाळीने जाऊन येणार. आपल्या देशातल्या तरुण संशोधकांच्या परदेशी परिषदा याच टप्प्यावर हुकतात. काम उत्तम असतं, निवड झालेली असते, आणि पासपोर्ट परिषद संपल्यावर हातात पडतो. माझा वेळेत आला. पण वर्षभर राबलेल्या मुलांना घरी बसावं लागलेलं मी पाहिलं आहे, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

पॅरिसच्या गार द लिओं स्थानकावरून दिजाँची गाडी दीड तासाच्या आसपास घेते. सुरुवातीचा बराच रस्ता वेगवान रुळांवरून सपाट शेतांमधून जातो. मग गाडी जुन्या मार्गावर येते, वेग कमी होतो, दोन्ही बाजूंना टेकड्या आणि चुनखडीचे पांढरे कडे दिसू लागतात, आणि दिजाँच्या थोडं अलीकडे एक लांब बोगदा लागतो. हा ब्लेझीचा बोगदा, चार किलोमीटरहून थोडा लांब. पॅरिस-लिओं रेल्वेमार्ग दिजाँवरून जावा म्हणून या बोगद्याची आखणी ज्याने केली, तोच हा आमचा आंरी दार्सी. नियमाच्या गावी जाताना नियमवाल्यानेच आखलेल्या बोगद्यातून जावं लागतं. त्या अंधारात मी वही मिटून ठेवली आणि खिडकीबाहेर पाहत राहिले, जणू भिंतीवर काही दिसणार होतं.

दार्सीचा जन्म दिजाँचा, १८०३ सालचा. वडील तो लहान असतानाच गेले. आईने नेटाने त्याला शिकवलं. पॅरिसला अभियंता होऊन तो सरकारी पूल आणि रस्ते खात्यात लागला आणि आपल्या गावी परतला. तेव्हाचं दिजाँ पाण्याच्या बाबतीत फार हलाखीत होतं. घराघरांतल्या उथळ विहिरी मैल्याने नासलेल्या, गावातून वाहणारा सुझों ओढा म्हणजे उघडं गटार. गावाने खोल विहीर खणून पाहिली होती, तिने पुरेसं पाणी दिलं नाही. १८३४ साली दार्सीने अहवाल दिला की गावाबाहेरच्या रोझवार झऱ्याचं पाणी आणावं. १८४० च्या सप्टेंबरात ते आलं. सुमारे साडेबारा किलोमीटरचा झाकलेला कालवा, शेवटी बंदिस्त टाकी, आणि सगळा प्रवास निव्वळ उताराच्या जोरावर. एकही पंप नाही. पुढच्या काही वर्षांत गावाच्या रस्त्यांखाली अठ्ठावीस किलोमीटर नळ टाकले गेले आणि रस्त्यांवर १४२ तोट्या बसल्या, साधारण दर शंभर मीटरला एक. कुणीही यावं, घागर भरावी. या कामाचा मेहनताना त्याने घेतला नाही. तो मोठा होता, पंचावन्न हजार फ्रँकांच्या घरात जाणारा.

दिजाँच्या ट्रामला दार्सी नावाचा थांबा आहे. उद्घोषणा झाली की लोक पिशव्या सावरून उतरतात. त्यांच्या लेखी तो बाजारपेठेचा चौक आहे. ज्या नावाने आम्ही खडकाची पारगम्यता मोजतो, जे नाव विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत मी इतकी वर्षं तपासत आले, ते नाव तिथे खरेदीला जाण्याची जागा झालं होतं. मला ते आवडलं. शेजारी गीयोमचं दगडी कमानीचं दार आहे आणि त्याला लागून दार्सीची बाग. टाकी इथेच आहे, बागेच्या पोटात. वर कारंजी, उतरत्या पायऱ्या, फुलांचे ताटवे, आणि दाराशी पोंपों या शिल्पकाराच्या पांढऱ्या अस्वलाची प्रतिकृती, जिच्यावर चढायला मुलांची झुंबड असते. त्या गर्दीत मी एका बाकावर बसून राहिले. आपल्या गावांत पाण्याच्या टाकीचं उद्घाटन होतं, कोनशिला बसते, आणि दोन उन्हाळ्यांनी टाकी कोरडी पडते. इथे टाकी लोकांच्या फिरण्याच्या जागेत मिसळून गेली आहे, आणि माणूस गेल्यावर चौकाला त्याचं नाव मिळालं. दार्सी १८५८ च्या जानेवारीत गेला.

नियम मात्र या टाकीत सापडला नव्हता. त्यासाठी मला नदीकडे, गावाच्या दुसऱ्या टोकाला जायचं होतं.

१८४८ च्या क्रांतीनंतर दार्सीला दिजाँ सोडावं लागलं. पुढे तो पॅरिसच्या पाणी आणि फरसबंदी विभागाचा प्रमुख झाला. पण प्रकृतीने साथ सोडली आणि त्याने कामातून मोकळं होण्याची विनंती केली. गावी परतला तो प्रयोग करायला. शहरांना पाणी पुरवायचं तर ते गाळावं लागतं, आणि गाळण्यासाठी वाळूचे थर लागतात. अमुक जाडीच्या, अमुक क्षेत्रफळाच्या थरातून किती पाणी पडेल, हे कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. प्रश्न इतकाच होता. त्यासाठी १८५५ च्या ऑक्टोबरअखेर आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला दिजाँच्या हॉस्पिटलच्या आवारात एक लोखंडी नळकांडं उभं केलं. आतला व्यास पस्तीस सेंटिमीटर. त्यात सोन नदीची वाळू भरलेली, वरून हॉस्पिटलच्या नळाचं पाणी सोडलेलं, वर आणि खाली दाब मोजायला पाऱ्याच्या नळ्या, आणि खालून पडणारं पाणी मोजायला हौद. बरोबर शार्ल रिटर हा तरुण अभियंता.

या प्रयोगाचा एक तपशील मला इतर सगळ्यांहून प्रिय आहे. वरच्या नळीतला पारा सारखा थरथरायचा. हॉस्पिटलमध्ये कुणी ना कुणी तोटी उघडत असायचं, बंद करत असायचं, आणि त्याचे हलके धक्के नळातून त्या नळकांड्यापर्यंत पोचायचे. दार्सीने ही थरथर लपवली नाही. कारणासकट ती नोंदवली आणि तरीही मोजत राहिला. एखादी रोगी बाई घोटभर पाणी घ्यायला उठली असेल, कुणी परिचारिका भांडी विसळत असेल, आणि त्यांचा हात त्या तक्त्यातल्या आकड्यांत उतरला असेल. आमच्या विहिरीवरही तेच होतं. शेजारच्या वावरात कुणी मोटर चालू केली की आमच्या आलेखाची रेषा डगमगते. मी आजवर असे बिंदू गाळून टाकत आले. पण शेजारची मोटर हीसुद्धा त्या खडकाची बातमीच आहे: दोन विहिरी आतून जोडलेल्या आहेत, हे ती सांगत असते.

हॉस्पिटल आता तिथे नाही. उश नदीच्या काठची ती जुनी जागा २०२२ च्या मे महिन्यात खाद्यसंस्कृती आणि वाइनचं केंद्र म्हणून उघडली. तेराव्या शतकापासून जिथे आजारी माणसं येत होती तिथे आता चीजची दुकानं आहेत, पाककलेचे वर्ग आहेत, वाइनची चव घेण्यासाठी लांब टेबलं आहेत. जुन्या दगडी इमारती राखल्या आहेत, पंधराव्या शतकातलं छोटं प्रार्थनामंदिर राखलं आहे, आणि मधली अंगणं उन्हाने भरलेली असतात. एका अंगणात मी बराच वेळ उभी होते. माणसं हातात ग्लास घेऊन हसत बोलत होती. मला त्यांना सांगावंसं वाटत होतं की पृथ्वीवर जिथे जिथे कुणी भूजलाचा नकाशा काढतं, तेलाचा साठा मोजतं, धरणाखालून पाणी किती झिरपेल त्याचा हिशेब करतं, त्या सगळ्यांची मुळं या आवारात आहेत.

त्या प्रयोगातून निघालेली गोष्ट सांगायला सोपी आहे. वाळूतून पडणारं पाणी वर-खाली असलेल्या दाबाच्या फरकाच्या प्रमाणात वाढतं आणि थराच्या जाडीच्या प्रमाणात घटतं. रिटरने पुढच्या वर्षी, १८५६ च्या फेब्रुवारीत, खालचा दाबही बदलून पाहिला आणि फरकच महत्त्वाचा आहे हे पक्कं केलं. त्याच वर्षी दार्सीचा दिजाँच्या सार्वजनिक पाणीपुरवठ्यावरचा ग्रंथ निघाला. साडेसहाशेच्या आसपास पानं, त्यांत झरे, कालवे, नळ, करार, खर्च. ज्या नियमामुळे तो जगभर ओळखला जातो तो शेवटच्या परिशिष्टांपैकी एकात आहे. ज्याला आम्ही गाभा समजतो ती त्याच्या दृष्टीने एका मोठ्या कामाची पुरवणी होती. मोठं काम म्हणजे गावाला पाणी देणं.

आणखी एक गोष्ट मला तिथे आठवली. १८५६ मध्येच फ्रान्समध्ये आबे पारामेल या धर्मगुरूचं झरे शोधण्याच्या कलेवरचं पुस्तक निघालं. तो गावोगाव फिरून जमिनीचा उतार, दऱ्यांची ठेवण, खडकाचे थर पाहून पाणी कुठे लागेल ते सांगायचा. आबांची विहीर पाडताना पानाड्या आला होता, तळहातावर नारळ आडवा धरून शेतातून चालला होता, आणि नारळ उभा राहिला तिथे त्याने खुंटी ठोकली होती. नारळावर माझा विश्वास नाही. पण तो पानाड्या चालताना उंबराची झाडं, ओढ्याचं वळण, मुरमाचा रंग पाहत होता असं आबा सांगतात, आणि त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पारामेलनेही पाणी शोधायची काठी हातात न घेता हेच पाहिलं.

रात्री हॉटेलात मी व्याख्यान उघडलं आणि क्रम उलटा केला. आधी समीकरण, मग खडक, मग विहीर असा जो आमच्या विषयाचा शिरस्ता आहे, त्याऐवजी आधी विहीर. पुण्यातल्या त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तरही आता मांडता येत होतं. दार्सीने कोणत्याही खडकाचा सार्वत्रिक नियम शोधायला सुरुवात केली नव्हती. त्याने हातातल्या वाळूला, हातातल्या दाबाने, एका ठरलेल्या कामासाठी मोजलं होतं. म्हणून आपल्या खडकात तो नियम गृहीत धरायचा नसतो, तपासायचा असतो, थरागणिक आणि विहिरीगणिक. जिथे तो बसतो तिथे पाण्याचा अंदाज करता येतो. जिथे बसत नाही तिथे भेग आहे, आणि ती कुठून कुठे जाते ते शोधावं लागतं. न बसणारे आकडे मी आतापर्यंत शेवटच्या स्लाइडवर छोट्या अक्षरात ठेवले होते. ते मधोमध आणले.

दिजाँहून पॅरिस, पॅरिसहून समुद्राखालच्या बोगद्यातून लंडन. सेंट पँक्रसला उतरून शेजारच्याच किंग्ज क्रॉसवरून एडिंबरोची गाडी. लंडनच्या सोहो भागात जॉन स्नो या डॉक्टरने १८५४ साली कॉलऱ्याचं मूळ एका हातपंपाशी नेऊन दाखवलं होतं; दार्सीचं नळकांडं त्यानंतर वर्षभराने उभं राहिलं. युरोपातली शहरं त्या दशकात पाण्यासाठी मेटाकुटीला आली होती, हे त्या दोन तारखा शेजारी ठेवल्यावर जाणवलं. गाडीतून सोहो दिसत नाही, पण मनात तेच होतं.

न्यूकॅसलनंतर गाडी समुद्राकडे सरकते. बेरिकच्या पुढे रूळ थेट कड्यांवरून जातात आणि उजव्या हाताला नुसतं पाणी. या किनाऱ्यावरच सिकर पॉइंट आहे. १७८८ साली भूशास्त्रज्ञ जेम्स हटन दोघा मित्रांना घेऊन होडीतून तिथे गेला आणि उभ्या थरांवर आडवे बसलेले तांबडे वालुकाश्म पाहून पृथ्वीच्या वयाला तळ सापडत नाही असं त्याच्या लक्षात आलं. भूशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाने ते चित्र पुस्तकात पाहिलेलं असतं. गाडी थांबत नाही, ते ठिकाणही रुळांपासून काही किलोमीटरवर आहे, तरी मी डब्यातल्या खिडकीशी उभी राहिले.

एडिंबरो हे वालुकाश्माचं शहर. क्रेगलीथच्या खाणीतला दगड नव्या भागाच्या रांगांच्या रांगांत लावलेला आहे, शतकभराच्या कोळशाच्या धुराने काळवंडलेला. पाऊस आला की भिंतींवर ओल चढलेली दिसते, कुठे गडद, कुठे फिकट, दगडाच्या पोकळ्या जशा असतील तशी. परिषदेतल्या माणसांना याहून योग्य गाव मिळालं नसतं. पण मला ओढ होती ती शहराच्या टोकाशी उभ्या असलेल्या सॅलिसबरी कड्यांची. तिथे वालुकाश्माच्या थरांमध्ये शिरून थंड झालेला काळा डोलेराइट आहे. याच कड्यापाशी हटनने दाखवलं की हा खडक पाण्यातून साचलेला नाही, तो वितळलेल्या अवस्थेत खालून वर आला आणि थरांना उचलून आत घुसला. तो सांधा मी हाताने चाचपला. वर काळा, घट्ट, आपल्या सह्याद्रीतल्या भित्ती-खडकांच्या नात्यातला दगड. खाली त्याच्या उष्णतेने भाजून कडक झालेला गाळाचा खडक. सच्छिद्र आणि अच्छिद्र एकमेकांना चिकटून उभे.

या शहराचा आणखी एक धागा माझ्या व्याख्यानाला येऊन मिळत होता. जोसेफ ब्लॅकने १७५४ साली एडिंबरो विद्यापीठाच्या आपल्या प्रबंधात चुनखडीसारख्या पदार्थांत बांधून राहिलेल्या वायूचं वर्णन केलं. तोच कार्बन डायऑक्साइड. आज परिषदेत सगळ्यात गर्दीची सत्रं त्याच वायूला पुन्हा खडकात बांधून टाकण्याची असतात. आइसलँडमध्ये कार्बफिक्स या प्रकल्पाने २०१२ साली तो पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडला, आणि दोन वर्षांच्या आत त्यातला पंचाण्णव टक्क्यांहून अधिक भाग दगड होऊन बसल्याचं २०१६ मध्ये जाहीर झालं. तेव्हापासून जगाच्या नकाशावर बेसाल्ट जिथे जिथे आहे तिथे बोट ठेवलं जातं, आणि दख्खनवर तर हमखास. मला या कामाबद्दल आदर आहे. हवेतला कार्बन कमी व्हायलाच हवा. पण त्या पद्धतीत एक टन वायू विरघळवायला पंचवीस टनांच्या आसपास पाणी लागतं. आइसलँडला पाण्याची ददात नाही. पुरंदरला आहे.

परिषदेच्या आदल्या संध्याकाळी नोंदणीची रांग लागली होती. गळ्यात नावाची पट्टी, हातात कापडी पिशवी, आणि चारी बाजूंना इंग्रजीचे नाना उच्चार. कुणी कागदाच्या तंतूंत शाई कशी पसरते यावर बोलणार होतं, कुणी हायड्रोजन जमिनीखाली साठवण्यावर. व्याख्यानांच्या फायली एका खोलीत संगणकावर चढवायच्या होत्या. मी माझ्या फायलीवर शेवटची नजर टाकली. पहिल्या स्लाइडवर आता आबांच्या विहिरीचा तक्ता होता, दार्सीच्या तक्त्याच्या धर्तीवर आखलेला: वेळ, पातळी, दर मिनिटाला लिटर, आणि शेवटच्या रकान्यात शेरे. शेऱ्यांत 'शेजारची मोटर सुरू' असं जसं घडलं तसं लिहिलेलं. मधोमध नियमात न बसणारे बिंदू, ठळक. आणि अखेरीस, आभाराच्या जागी, सभेसाठी एक प्रश्न: दख्खनच्या बेसाल्टमध्ये कार्बन पुरायचा झाला, तर लागणारं पाणी कोणत्या थरातून घेणार, आणि त्याच थरावर जगणाऱ्या विहिरींची पातळी किती उतरेल?

या प्रश्नाचं उत्तर एकट्या भूजलवाल्याला देता येणार नाही, एकट्या रसायनवाल्यालाही नाही. फाईल चढवून झाल्यावर मी कार्यक्रमपत्रिका घेऊन बसले आणि बेसाल्टमध्ये कार्बन साठवण्यावर बोलणाऱ्या प्रत्येकाच्या नावापुढे खूण केली. चहाच्या सुट्टीत एकेकाला गाठायचं होतं.